तिसऱ्या बोअरची माती

शुक्रवारी सकाळी भावेश प्रयोगशाळेत आला तेव्हा किर्ती एक पोलादी नळी जॅकवर आडवी बांधत होती. नळीच्या दोन्ही तोंडांना मेण लावलेले होते आणि मेणाच्या आत बदलापूर गावातल्या रघु भोपींच्या शेताचा हातभर तुकडा होता. जमिनीत जसा होता तसाच तो आला होता, त्याच ओलाव्यासह आणि त्याच भेगांसह. असा तुकडा न मोडता वर आणणे हे माती तपासण्याच्या आमच्या धंद्यातले निम्मे कौशल्य. उरलेले निम्मे म्हणजे त्याचे म्हणणे ऐकून घेण्याइतका वेळ काढणे, आणि ते हल्ली कोणालाच परवडत नाही.

"मॅडम, अजून नळ्याच कापताय?" भावेश म्हणाला. "सोमवारी जेसीबी लागतोय. नदीकडच्या कोपऱ्यातून सुरुवात. बुधवारी काँक्रीट. बस, तुमच्या सहीची देर आहे."

भावेशचे मूळ उल्हासनगर कॅम्प चारमधले. तिथे वडिलांचे लाकडी फर्निचरचे वर्कशॉप होते. मुलाने लाकूड सोडले आणि इमारती धरल्या. भोपींच्या शेतावर तो सात मजले उभे करणार होता. नदीकडच्या कोपऱ्यात जिना आणि लिफ्ट, आणि त्या जिन्याला लागून जमिनीच्या मोबदल्यात भोपी कुटुंबाला मिळायची घरे. रघु, त्याची म्हातारी आई कौसाबाई, त्याची बायको-मुले आणि भावाचा संसार, सगळे त्या एका कोपऱ्याच्या भरवशावर झोपणार होते. कोपऱ्याखाली काय आहे, हे माझ्या अहवालाने सांगायचे होते. त्यासाठी शेतात ठिकठिकाणी बोअर, म्हणजे खालची माती वर काढायची अरुंद भोके, मारले होते. मी 'कडक' लिहिले की तिथे उथळ पाया पडणार होता, आणि एकदा पडलेला पाया कोणी पुन्हा उघडून पाहत नाही.

"चाचण्या पूर्ण झाल्यावर सही," मी म्हटले.

"अहो, बाजूच्या प्लॉटचा रिपोर्ट आहे माझ्याकडे. सेम जमीन. तोच थोडा पुढे-मागे करून टाका ना. सगळेच करतात."

सगळेच करतात, यात अतिशयोक्ती नव्हती. ज्यांना मातीची गरजच पडत नाही असे अहवाल या पट्ट्यात मुबलक मिळतात. त्यांतील माती फार सुसंस्कृत असते. ती पावसात फुगत नाही, उन्हात भेगाळत नाही आणि नदीपासून ते डोंगरापर्यंत एकाच वजनाला एकाच आदबीने पाठ देते. असे अहवाल लिहिणाऱ्यांची नावे मला ठाऊक आहेत. त्यांच्यापैकी काहींना मी शिकवलेले नाही, एवढाच माझा दिलासा.

मी भावेशला खुर्ची दिली. तो बसला नाही. भिंतीलगतच्या यंत्रांच्या रांगेपुढे जाऊन उभा राहिला. प्रत्येक यंत्रात पितळी कडीत बसवलेली मातीची एक चकती, चकतीवर तरफेने टांगलेले वजन आणि वर घड्याळासारखी एक तबकडी.

"ही घड्याळं बंद आहेत का? काटा हलतच नाही."

"हलतोय. तुम्हाला दिसत नाही इतकाच."

"करतंय काय हे?"

"मातीला तिचा भूतकाळ विचारतंय."

तो हसला, पण मी विनोद केला नव्हता. चिकणमातीच्या चकतीवर आपण थोडे थोडे वजन वाढवत नेतो. सुरुवातीला ती फारशी दबत नाही. मग एका ठरावीक वजनाला पोचल्यावर एकाएकी भराभर दबू लागते. आलेखाची रेघ जिथे वाकते, ते वजन म्हणजे तिने आजवर सोसलेला सर्वांत मोठा भार. तो भार किती काळापूर्वी येऊन गेला, याला महत्त्व नाही. त्याच्या आत ती शांत राहते, कारण तेवढे तिने एकदा पाहिलेले असते. भोपींच्या शेतावर कधी कोणती इमारत नव्हती. तरीही तिथली माती एखादी आठमजली वास्तू उचलल्यासारखी वागत होती. तो भार उन्हाळ्यांचा होता. दर वैशाखात शेत सुकते, आणि सुकताना आतले पाणी मातीच्या कणांना असे आवळते की त्यापुढे दगडी भिंतीचे वजनही फिके पडावे. मग पाऊस येतो, शेत चिखल होते, रोपे लागतात, पाहणाऱ्याला वाटते सगळे विसरले गेले. चकतीला विचारा. ती विसरलेली नसते. इतक्या वर्षांत हा वाकलेला आलेख मी किती वेळा काढला असेल, पण तो वाकण्याच्या क्षणी आजही माझा हात कागदावर थांबतो.

हे मी भावेशला सांगितले, अर्थात थोडक्यात.

"म्हणजे आमच्या मिसेससारखं," तो म्हणाला. "लग्नातलं आज बाहेर काढते."

"तुम्ही तेव्हा फार दाबलं असेल," किर्ती मान वर न करता म्हणाली, आणि जॅकचा दांडा फिरवू लागली.

किर्ती अंबरनाथची. गेली काही वर्षे आनंदनगरच्या आमच्या या शेडमध्ये नळ्या उघडण्याचे काम ती इतर कोणाला करू देत नाही. नळीच्या तोंडातून माती हळूहळू बाहेर सरकली: आधी पुराचा पिवळट गाळ, मग करडी चिकण, आणि मग एक काळसर पट्टा. किर्तीने दांडा थांबवला. तिने तारेने पट्टा मधोमध कापला, ओंजळीत घेतला आणि ती मागच्या कपाटाकडे गेली. येताना तिच्या हातात झाकण लावलेली एक बशी होती.

"मॅडम, ही काल उघडलेली. तिसऱ्या बोअरची. आणि ही आजची दुसऱ्या बोअरची."

दोन्ही तुकडे मी शेजारी शेजारी ठेवले. दोन्हींत तोच काळा पट्टा. त्यात कोळशाचे बारीक कण, राखेचा भुरका अंश, भाजून लाल झालेले ज्वारीएवढे खडे आणि अर्धवट जळालेल्या काटक्यांचे तुकडे. पट्ट्याखाली नांगराच्या तळाने घट्ट केलेला थरही तोच, त्याच खोलीवर.

माती सारखी असू शकते. एकाच नदीने आणलेली, एकाच खडकातून झिजलेली माती सारखीच असायची. पण हा कोळसा नदीने आणलेला नव्हता. हा राब होता. आपल्याकडे भाताची रोपे टाकायची ती जागा उन्हाळ्यात टहाळ, पाचोळा आणि शेणी पसरून भाजतात. पिढ्यान् पिढ्या, दरवर्षी, त्याच जागी. एकराच्या शेतात राबाचा तुकडा अंगणाएवढा. आणि नकाशावर दुसरे बोअर शेताच्या वरच्या अंगाला होते, तर तिसरे थेट नदीकडच्या कोपऱ्यात. शेताच्या दोन टोकांना दोन राब कोणी जाळत नाही.

त्या दोन तुकड्यांकडे मी बराच वेळ पाहत राहिले. मागे नाव न ठेवता गेलेल्या कितीतरी माणसांचे उन्हाळे त्या दोन बोटे जाडीच्या काळ्या रेघेत बसले होते. त्यांना आपण साक्ष देऊ अशी कल्पनाही नसेल, आणि आता त्यांची साक्ष इतकी स्वच्छ होती की कोणत्याही न्यायालयाने उलटतपासणीशिवाय मान्य करावी: तिसरे बोअर कोपऱ्यात मारलेलेच नाही.

मी रघुला फोन लावला आणि स्पीकर सुरू केला.

"रघुभाऊ, तुमचा राब कुठं असायचा?"

"राब? आता कसला राब, मॅडम! वरच्या अंगाला, चिंचेखाली असायचा. का वो?"

"नदीकडच्या कोपऱ्यात कधी भाजला होता?"

"तिथं कसा भाजनार? तिथं हीर व्हती ना."

भावेशने माझ्याकडे पाहिले. यंत्रांचे काटे कोणाला न दिसता हलत होते.

"विहीर," मी म्हटले. "कधी?"

"आज्याच्या वख्ताची. बांदीव. पंचेचाळीस फूट तरी असंल. पाचच्या सालच्या पुरात गाळानं अर्दी भरली. मंग आमी वरनं राडारोडा टाकून बुजवली. आता कुटं हाय? आता जागाच हाय ती."

रघु लबाडी करत नव्हता. त्याच्या हिशेबी विहीर म्हणजे पाणी. पाणी दिसेनासे झाले म्हणजे विहीर संपली आणि जमीन सुरू झाली. सरकारी कागदांचेही मत तेच होते, त्यामुळे त्याला एकट्याला दोष देणे योग्य नव्हते.

भावेश आता खुर्चीवर बसला.

"पण बोअर तर मारलंय ना तिथं? ठोक्यांची एन व्हॅल्यू चांगली आलीय. मी बघितलंय."

"बोअर वर मारलंय. मग नकाशावर कोपऱ्यात लिहिलंय."

"त्या बोअरवाल्या सुकऱ्यानं? बस काय! साला, मी त्याला—"

"आधी विचारू," मी म्हटले.

सुकऱ्या दुपारी आला. बारवी धरणाच्या वरच्या अंगाच्या वाडीतला हा ठाकर माझ्यासाठी बोअर मारतो त्याला खूप वर्षे झाली. त्याच्या नळ्यांवरचे मेण कधी तडकलेले नसते. मी त्याच्यापुढे बशी ठेवली.

"सुकऱ्या, तिसरं बोअर कुठं मारलंस?"

"कोपऱ्यातच की, बाय."

"ही माती कोपऱ्यातली?"

त्याने बशीत पाहिले, एक लाल खडा चिमटीत धरला आणि परत ठेवला. मग डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. मला उत्तर मिळाले होते.

"बाय, तिथं आसरा हायत."

भावेश उठला. "कोण आहे?"

"आसरा, शेट. पान्यातल्या सात बयनी. हिरीच्या काठाला त्यांचं शेंदराचं दगड व्हतं. तुमच्या जेसीबीवाल्यानं उचलून कंपाउंडला लावलं, पन त्या काय दगडासंगं जातात व्हय? मी गेलो, तिकाटनं उभं केलं आन बगितलं तर जागा उगडी. ना ओटी, ना नारळ. त्यांच्या उरावर पहार मारू? माजी पोरं हायत, शेट."

"मग काय केलंस?"

"त्यांची हद्द सोडून वर सरकलो. म्हनलं, शेत येकच, माती येकच. काय फरक पडतो?"

"मला सांगायचं," मी म्हटले.

"तुमी हसल्या असत्या."

"हसले नसते. ओरडले असते."

"त्येच," सुकऱ्या म्हणाला.

मला राग आला होता, आणि माझा राग गरम होत नाही, हे सुकऱ्याला माहीत आहे. म्हणून तो जमिनीकडे पाहत होता. खोटी नोंद ती खोटी नोंद. पण ज्यांनी बोअरच न मारता अहवाल विकले आहेत त्यांच्यापैकी एकालाही मी कधी कोणाच्या हद्दीची भीती बाळगताना पाहिलेले नाही. सुकऱ्याने आसरांचा मान राखला, आणि नेमक्या त्या मानाने विहिरीचे तोंड झाकले गेले. जेसीबीने कोपऱ्यात वरवरचा खड्डा घेतला असता, राडारोडा आणि मुरूम मिळून तळ छान कडक दिसला असता, आणि बुधवारी त्यावर काँक्रीट पडले असते. पुढचे सगळे वजन, जिना, लिफ्ट, सात मजले आणि कौसाबाईची खाट, विहिरीच्या झाकणावर उभे राहिले असते. अज्ञानाने केले असते तर मी समजून घेतले असते. इथे तर आदराने केले होते.

"उद्या कोपऱ्यात बोअर मारायचं," मी म्हटले.

"ओटी भरल्याबिगर न्हाय."

"मी दुसरी टीम आणतो," भावेश म्हणाला. "उल्हासनगरमध्ये पडलेत चिक्कार. कुणाला हे आसरा-बिसरा नाही."

"नको. याने खोटं का लिहिलं ते मला आता कळलंय. ते का लिहितील, ते मला कळणार नाही."

शनिवारी आम्ही बदलापूर गावात पोचलो तेव्हा कोपऱ्यातले झुडूप साफ झाले होते आणि सात दगड कंपाउंडवरून परत येऊन ओळीने बसले होते. ते कोणी आणले, हे मी विचारले नाही. कौसाबाई रघुचा हात धरून आली. तिने नऊवारीचा काष्टा सारखा केला, दगडांवर पाणी घातले, हळदकुंकू वाहिले, आणि खण, तांदूळ, नारळ आणि हिरव्या बांगड्या पदरातून काढून समोर ठेवल्या.

"बयांनो," ती दगडांना म्हणाली, जशी शेजारणीशी बोलावी तशी, "ही मानसं इचारायला आलीत. खोदायला नाय आली. घटकाभर बसून जातील. त्यांना खरं काय ते सांगा."

माझ्या आयुष्यात मी अनेक कामांची उद्दिष्टे लिहिली आहेत. यापेक्षा नेमके मला कधी जमलेले नाही.

मग सुकऱ्याने नमस्कार केला आणि बोअरचे तीन पायांचे तिकाटणे उभे केले. पहार आत गेली. मुरूम, विटांचे तुकडे, टाइल्स, मग पुन्हा मुरूम. ठरावीक खोलीवर आम्ही थांबतो, वजनदार हातोडा ठरावीक उंचीवरून रॉडवर पाडतो आणि किती ठोक्यांत रॉड तेवढाच आत जातो ते मोजतो. जितके ठोके जास्त तितकी जमीन कडक. सुकऱ्याची माणसे दोर ओढत होती, हातोडा पडत होता. ठोके वाढत गेले. रॉड जागचा हलेना.

"हार्ड स्ट्रेटा!" भावेश ओरडला. "बघा मॅडम! दगड लागला! विहीर-बिहीर काय नाय, रघुभाऊ, तुमची जागा चुकतेय."

"जागा नाय चुकत," रघु म्हणाला. "मी हिच्यात पवायला शिकलोय."

"मग हे काय लागलंय?"

"त्ये आमीच टाकल्यालं हाय. पुलाच्या कामाचं काँक्रीट मोडून आनलं व्हतं."

सुकऱ्याने रॉड काढून छिन्नी लावली. दोर ताणला, सुटला, ताणला, सुटला. एक बोथट आवाज, तसाच दुसरा. आणि मग आवाज आलाच नाही.

बोअरमध्ये उतरवलेल्या केसिंग पाइपातून वारा आला. सुकऱ्याच्या कपाळावरचे केस हलले, एवढा. थंड, ओला, शेवाळाचा आणि पितळी भांड्याचा वास घेऊन एक दीर्घ फुंकर जमिनीतून वर आली, थांबली, आणि पुन्हा आली. काँक्रीटचे तुकडे विहिरीच्या कठड्यात एकमेकांना अडकून कमान होऊन बसले होते. त्यांच्या खालचा गाळ वर्षानुवर्षे खाली बसत गेला होता, आणि मधल्या पोकळीत भोपींच्या विहिरीने आपला श्वास धरून ठेवला होता. याचे स्पष्टीकरण देणे मला अवघड नाही. ते मी तिथेच किर्तीला दिले. देताना माझा आवाज नेहमीसारखा नव्हता, असे तिने मला नंतर सांगितले.

"बाय, रॉड लावू?" सुकऱ्याने विचारले. तो कुजबुजत होता.

रॉड पोकळीतून खाली गेला आणि गाळाला टेकला. त्याच्या डोक्यावर हातोडा ठेवायचा, मग दोर ओढून तो पाडायचा. सुकऱ्याने हातोडा अलगद ठेवला. पाडला नाही, फक्त ठेवला. आणि रॉड खाली चालू लागला.

कोणी काही केले नव्हते. आम्ही सगळे त्या लोखंडाकडे पाहत होतो आणि ते आपल्याच वजनाने, घाई न करता, पायऱ्या उतरणाऱ्या माणसासारखे उतरत होते. रॉडवरची खडूची पहिली खूण गेली. दुसरी गेली. तिसरी गेली. मी मोजणे सोडले नव्हते, पण मोजण्यासारखे काही उरले नव्हते. ठोक्यांच्या रकान्यात शून्य लिहायचे होते, आणि शून्य इतके खोल असते हे मला त्या दिवसापर्यंत डोळ्यांनी दिसलेले नव्हते. भावेशने कधीतरी बूट काढले होते. ते त्याने हातात धरले होते, कुठे ठेवावेत हे न सुचून. कौसाबाई एकटीच निवांत होती.

"किती खोल चाललंय ते?" भावेश म्हणाला. त्याचा हिंदीचा सूर गेला होता.

"तळाला लागंपर्यंत," रघु म्हणाला. मग त्याने ज्या कोपऱ्यावर स्वतःच्या घराचा जिना पाहिला होता तिकडे वर, हवेत, पाहिले. तिथे अजून काही नव्हते. "मॅडम, माजी आई त्या जिन्यानं चढनार व्हती."

मी हो म्हटले. बाकी जे म्हणायचे होते ते बोअर न मारता अहवाल विकणाऱ्यांना, आणि ते तिथे हजर नव्हते.

रॉड अखेर थांबला. आम्ही गाळातून एक नळी घेतली. ती वर येईपर्यंत केसिंगमध्ये पाणी चढले होते. आधी गढूळ आणि थोड्या वेळाने, वरच्या बोटभर भागात, निवळ. त्यात आकाशाचा एक बारीक गोल तुकडा दिसत होता. सुकऱ्याने त्यात हात घातला नाही. आम्हीही नाही.

सोमवारी जेसीबी लागला नाही. त्याऐवजी मंगळवारी रघु आणि कौसाबाई आनंदनगरला आले. आईला तिची माती पाहायची होती, असे रघु जरा ओशाळून म्हणाला. मी तिला यंत्रांच्या रांगेपुढे खुर्ची दिली. किर्ती विहिरीची नळी जॅकवर चढवत होती.

गाळ बाहेर आला तो काळा, लोण्यासारखा आणि रेषारेषांचा. प्रत्येक पुराची एक पातळ फिकट रेघ आणि दोन पुरांमधली काळोखी शांतता. एकाही रेघेला भेग नव्हती. हा गाळ पाण्याखालीच जन्मला होता आणि एकही उन्हाळा त्याच्यापर्यंत पोचलेला नव्हता. किर्तीने तार फिरवली आणि ती मध्येच अडली. तिने बोटांनी माती बाजूला केली. आत हिरव्या काचेचा एक अर्धगोल होता, काठ न झिजलेला, रंग न उतरलेला.

कौसाबाई पुढे झुकली.

"बुजवायच्या दिवशी मीच वाहिली व्हती," ती म्हणाली. "ह्यांना म्हनलं, ओटी भरल्याबिगर बुजवू नका. राग येतो त्यांना."

"हीच बांगडी कशावरून, आई?" रघु म्हणाला. "हिरीत समद्याच बाया वाहत्यात."

"मग समद्यांचीच म्हन," कौसाबाई म्हणाली. "माजी काय वायली हाय?"

किर्तीने गाळाची चकती कापून पितळी कडीत बसवली. मी तरफेवर आमच्याकडचे सर्वांत लहान वजन ठेवले. भोपींच्या शेताच्या मातीवर हेच वजन ठेवले होते तेव्हा काटा जागेवरून हललाही नव्हता, निदान दिसेल असा. आता तो उघड्या डोळ्यांना दिसेल असा फिरत होता. या मातीला कसलीही आठवण नव्हती. तिने कधी काही सोसलेले नव्हते, म्हणून एवढ्याशा वजनालाही ती संपूर्ण शरण जात होती. एकाच शेतात, हाकेच्या अंतरावर, एक माती शेकडो वैशाख अंगात बाळगून उभी होती आणि दुसरी अजून जन्मावयाची होती. मी तबकडीवरून नजर काढू शकले नाही. कौसाबाईही नाही.

"ह्यो काटा काय म्हनतो?" तिने विचारले.

"इथं ओझं ठेवू नका म्हणतो."

"त्ये आमाला दगड म्हनतच व्हते," ती म्हणाली, पण तक्रारीच्या सुरात नाही.

अहवाल मी त्या आठवड्यात लिहिला. तिसऱ्या बोअरची पहिली जागा, जिथे ते खरोखर मारले होते, आणि दुसरी जागा, जिथे ते मारायला हवे होते, अशा दोन्ही नकाशावर दाखवल्या. जागा बदलण्याचे कारण लिहायच्या रकान्यात 'आसरा' असे लिहिले. इमारतीच्या डिझायनरच्या ऑफिसातून एका तरुण इंजिनियरचा फोन आला. आसरा म्हणजे कोणत्या प्रकारचा अडथळा, असे त्याने आदराने विचारले. पाण्याचा, असे मी सांगितले. त्याने ते टिपून घेतले.

मग रघु भोपींच्या घरांचा जिना शेताच्या वरच्या अंगाला सरकला, चिंचेच्या बाजूला, जिथे राब भाजत असत. तिथल्या मातीने एवढे वजन पूर्वीच सोसलेले आहे. तिला नवे काही करायचे नाही. इमारत एका बाजूने आखूड झाली. भावेश दोन दिवस माझ्याशी बोलला नाही आणि तिसऱ्या दिवशी त्याने उल्हासनगरहून गवंडी पाठवून विहिरीचा राडारोडा उपसायला सुरुवात केली. मी कारण विचारले तेव्हा तो म्हणाला, "मॅडम, तो वारा आला ना... त्याच्यावर स्लॅब टाकायला डेरिंग नाही आपली."

उपसा चालू असताना मी एकदा तिथे गेले. कठड्याचे काळे दगड एक एक करून उजेडात येत होते, सांध्यात चुना नाही, तरी सुईच्या टोकाएवढी फट नाही. रघु काठावर उभा राहून गवंड्यांना मार्गदर्शन करत होता, म्हणजे त्यांच्या कामात अडथळा आणत होता. कौसाबाई सात दगडांजवळ बसली होती.

"मॅडम," रघु म्हणाला, "येवडा मोठा कोपरा सोडला आमी. पैसं द्यावं तर कुनी देनार नाय आता ह्याचं. आपलीच जागा आन आपल्याला कामाची नाय."

"आपली?" कौसाबाईने मान वर केली. "ह्यो कोपरा आपला कदी व्हता रं?"

खालून गवंड्याने हाक मारली, आणि ती हाक विहिरीने उचलून, थोडी मोठी करून, आम्हांला परत दिली.